अकरा हजार नळ्यांचा साथीदार

ऑर्गन म्हटले की मराठी रसिकाला आठवतो तो संगीत नाटकातला ऑर्गन. रंगमंचापुढे बसून दोन्ही पायांनी भाता मारणारा वादक आणि त्याच्या सुरावर उभी राहणारी नांदी, हे दृश्य बालगंधर्वांच्या काळापासून आपल्या परिचयाचे आहे. हे वाद्य म्हणजे खरे तर पायपेटीच. हार्मोनियमप्रमाणे तिच्यातही धातूच्या पातळ पत्त्या हवेच्या झोताने थरथरतात आणि सूर उमटतो. पाश्चात्त्य चर्चमधील मोठा ऑर्गन मात्र निराळा. त्यात सूर येतो तो नळ्यांतून. एका नळीतून एकच सूर आणि एकाच जातीचा नाद निघतो. त्यामुळे जितके सूर आणि जितके नाद हवेत, तितक्या नळ्या वाढत जातात. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी असते, तर सर्वांत लांब नळी तीन मजली इमारतीच्या उंचीला जाते.

अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीत, टॅबरनॅकल नावाच्या सभागृहात, अशा ११,६२३ नळ्यांचा ऑर्गन आहे. जगातील मोठ्या आणि नामवंत ऑर्गनमध्ये त्याची गणना होते. या सभागृहाचे ऑर्गनवादक म्हणून अलेक्झांडर श्रायनर यांनी १९२४ ते १९७७ अशी तब्बल ५३ वर्षे काम केले. रेडिओच्या ऐन भराच्या काळात अमेरिकेतील घराघरांत त्यांचे वादन पोहोचले होते. पॅरिसच्या थोर गुरूंकडे ते शिकले होते, वाद्यवृंदासाठी त्यांनी कॉन्चेर्टो रचला होता, विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. तरीही आज त्यांच्या रचनांपैकी जे नियमितपणे गायले जाते, त्यातले बहुतेक दोन-तीन मिनिटांत संपते आणि ते वाजवणारा बहुधा हौशी असतो. एका मोठ्या वादकाच्या कारकिर्दीची ही गोष्ट समजून घ्यायची, तर आधी त्याचा समाज आणि त्या समाजाचे हे वाद्य यांची ओळख करून घ्यावी लागते.

वाळवंटातले वाद्य

मॉर्मन हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. न्यूयॉर्क राज्यात १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेल्या या पंथाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. ‘मॉर्मन’ हे रूढ नाव टाळून पूर्ण नावच वापरावे, असा आग्रह चर्चने २०१८ पासून धरला. श्रायनर यांच्या काळात मात्र सर्रास हेच नाव चालत असे. इतर ख्रिस्ती समाजाशी सतत खटके उडाल्याने या लोकांना एकामागून एक राज्ये सोडावी लागली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात येऊन थांबले.

अशा ठिकाणी पहिली काही वर्षे पोट भरण्याचीच भ्रांत असायची. पण वीसेक वर्षांत या लोकांनी तेथे हजारो माणसे मावतील असे सभागृह बांधले, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. लंबवर्तुळाकार टॅबरनॅकलची लांबी सुमारे २५० फूट आणि रुंदी सुमारे १५० फूट आहे. पालथ्या घातलेल्या होडीसारखे त्याचे छत आतल्या खांबांच्या आधारावाचून उभे आहे. हेन्री ग्रो या पूल बांधणाऱ्या कारागिराने पुलाचीच युक्ती छताला लावली. लाकडी जाळीच्या कमानी उभारून त्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या आणि जेथे लाकूड तडकले तेथे ओल्या चामड्याच्या वाद्या आवळल्या. चामडे सुकले की पकड घट्ट होते. या घुमटाखाली एका टोकाला टाचणी पडली तरी दुसऱ्या टोकाला ऐकू येते, हे पर्यटकांना दाखविण्याचा पुढे प्रघातच पडला.

या सभागृहातील पहिला ऑर्गन बांधला जोसेफ रिजेस यांनी. हे गृहस्थ मूळचे इंग्लंडचे. ऑस्ट्रेलियात असताना ते या पंथात आले. सिडनीत त्यांनी एक छोटा ऑर्गन तयार केला होता. तो जहाजाने कॅलिफोर्नियाला आणि तेथून गाड्यांत घालून वाळवंटापलीकडे, १८५७ मध्ये, सॉल्ट लेकला आणण्यात आला. टॅबरनॅकलच्या मोठ्या ऑर्गनसाठी योग्य लाकूड मिळाले ते सुमारे तीनशे मैल दक्षिणेला. ते बैलगाड्यांनी ओढून आणले. फळ्या चिकटवण्यासाठी जनावरांची कातडी उकळून सरस केला. १८६७ मध्ये सभागृह खुले झाले तेव्हा वाद्य अपुरेच होते, पण वाजत होते. भाते माणसे हाताने चालवीत. आणि वादक जोसेफ डेन्स अवघ्या सोळा वर्षांचे होते.

पुढे शिकागोच्या किंबल कंपनीने १९०१ मध्ये आणि ऑस्टिन कंपनीने १९१५-१६ मध्ये या ऑर्गनची पुनर्बांधणी केली. दर्शनी भागातील सोनेरी मुलाम्याच्या उंच लाकडी नळ्यांपैकी काही मात्र रिजेस यांच्याच हातच्या आहेत आणि त्या केवळ शोभेच्या नसून आजही वाजतात.

न्युरेंबर्गहून सॉल्ट लेकला

रिजेस यांच्या ऑर्गनला पहिला सूर मिळाल्यानंतर चौतीस वर्षांनी, ३१ जुलै १९०१ रोजी, जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे अलेक्झांडर श्रायनर यांचा जन्म झाला. ऑर्गनच्या इतिहासात या शहराला स्थान आहे. बाखच्या आधीच्या पिढीतला थोर ऑर्गनवादक योहान पाखेलबेल येथलाच. पण श्रायनर कुटुंबाचा त्या परंपरेशी संबंध नव्हता. मुलगा लहान असतानाच आई-वडिलांनी मॉर्मन पंथ स्वीकारला होता आणि न्युरेंबर्गमधील या पंथाची शाखा म्हणजे मूठभर माणसांचा मेळावा होता. पाचव्या वर्षी पियानो शिकू लागलेला मुलगा आठव्या वर्षी या शाखेच्या प्रार्थनासभांना साथ करू लागला.

या एका गोष्टीत मॉर्मन समाजाची रीत दिसते. या चर्चच्या स्थानिक शाखांमध्ये पगारी पुरोहित नसतो, तसाच पगारी वादकही नसतो. शाखेतील कोणाला तरी काम नेमून दिले जाते आणि त्याने ते जमेल तसे निभावायचे असते. पेटी वाजवता येणारा दुसरा कोणी नसेल, तर आठ वर्षांच्या मुलालाही स्टुलावर बसवले जाते. त्या वयात शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे लोक चुकले, रेंगाळले, तरी त्यांना सोडून पुढे जायचे नाही. भजनी मंडळात पेटी धरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

१९१२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले आणि सॉल्ट लेक सिटीत स्थायिक झाले. अलेक्झांडर तेव्हा अकराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. टॅबरनॅकलचे तेव्हाचे वादक जॉन मॅक्लेलन यांच्याकडे त्याचे पुढचे शिक्षण सुरू झाले. मॅक्लेलन यांनी टॅबरनॅकलमध्ये लोकांसाठी मोफत ऑर्गनवादनाचे कार्यक्रम नेटाने चालवले होते. शिष्याने गुरूकडून नुसती बोटांची तयारी उचलली नाही. ऑर्गन हे पर्यटकापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांनी ऐकायचे वाद्य आहे, ही दृष्टीही उचलली.

तरुणपणी श्रायनर यांनी पोटापाण्यासाठी वाजवले ते चित्रपटगृहांत. तो मूकपटांचा काळ होता. आपल्याकडे मूकपटाच्या खेळाला पेटी-तबल्याची साथ असे, तशी अमेरिकेतील मोठ्या चित्रपटगृहांत ऑर्गनची साथ असे. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की लय वाढवायची, नायिका रडू लागली की सूर मऊ करायचे आणि हे सगळे पडद्यावरची नजर न काढता, आयत्या वेळी. प्रतिष्ठित ऑर्गनवादक या कामाकडे नाक मुरडून पाहत. पण समोरच्या माणसाचे लक्ष क्षणभरही सुटू द्यायचे नाही, हा धडा या कामातून मिळतो आणि श्रायनर यांच्या पुढच्या वादनात तो हरवला नाही. विशीच्या सुरुवातीला चर्चच्या प्रथेनुसार त्यांनी कॅलिफोर्नियात धर्मप्रसाराचे कामही केले.

पॅरिसचे गुरू

१९२४ मध्ये चर्चचे अध्यक्ष हीबर ग्रँट यांच्या काळात टॅबरनॅकलचे वादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि लगोलग ते दोन वर्षांसाठी पॅरिसला गेले. ऑर्गन शिकणाऱ्याने तेव्हा पॅरिसला जाणे म्हणजे आपल्याकडे एखाद्याने घराण्याच्या थेट गादीवर जाऊन गंडा बांधण्यासारखे होते.

तेथे त्यांना शार्ल-मारी विदोर आणि लुई व्हिएर्न असे दोन गुरू लाभले. सेंट-डेनिसच्या बॅसिलिकेचे वादक आंरी लिबेर यांच्याकडेही त्यांनी शिक्षण घेतले. विदोर तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. सेंट-सुल्पिस चर्चच्या प्रचंड ऑर्गनवर ते १८७० पासून बसत होते आणि अजून दहाएक वर्षे बसणार होते. व्हिएर्न नोत्र-दामचे वादक. जन्मापासून जवळजवळ अंध असलेला हा कलावंत १९३७ मध्ये नोत्र-दाममध्ये वादन चालू असतानाच, ऑर्गनच्या बाकावरच कोसळून मरण पावला.

या फ्रेंच घराण्याची शिस्त कडक होती. पियानोवर पट्टी जोरात दाबली की सूर मोठा येतो, हळू दाबली की लहान येतो. ऑर्गनवर तसे काहीच होत नाही. पट्टी कशीही दाबा, नळी तेवढ्याच आवाजात वाजते आणि बोट उचलेपर्यंत वाजत राहते. मग वादकाच्या हाती उरते काय? सूर नेमका कधी सुरू करायचा, नेमका कधी तोडायचा आणि कोणत्या जातीच्या नळ्या उघडायच्या. सारा भाव या तीन गोष्टींतून आणायचा. त्यातही सूर तोडण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. दोन सुरांमधली किंचितशी फट हीच ऑर्गनची आघात देण्याची जागा. विदोर यांचा सारा भर या काटेकोरपणावर असे. हातांच्या जोडीला दोन्ही पायांनीही स्वतंत्र चाल वाजवायची असते, हे वेगळेच.

पॅरिसमध्ये श्रायनर यांच्या कानांवर आणखी एक संस्कार झाला. तेथील ऑर्गन एकोणिसाव्या शतकातील कारागीर कावाये-कोल यांच्या हातचे होते. त्यांचा नाद भव्य असूनही स्वच्छ होता. सॉल्ट लेकला परतल्यावर समोर ऑस्टिन कंपनीचा ऑर्गन होता. त्या काळच्या अमेरिकी अभिरुचीनुसार तो वाद्यवृंदाची नक्कल करणारा, गुबगुबीत नादाचा होता. हा फरक त्यांच्या मनात पुढे वीस वर्षे राहिला असावा, असे नंतरच्या घडामोडींवरून दिसते.

मायक्रोफोनसमोर

१९३० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये नवा स्किनर ऑर्गन बसवण्यात आला. विद्यापीठाचे ऑर्गनवादक आणि अध्यापक म्हणून श्रायनर यांनी तेथे १९३९ पर्यंत काम केले. टॅबरनॅकलशी नाते कायम ठेवूनच त्यांनी ही दुसरी जबाबदारी घेतली होती. विद्यार्थ्यांपुढे ते नियमित वादन करीत. येथील श्रोत्याला मॉर्मन पंथाशी काही देणेघेणे नव्हते. बाख, फ्रांक, विदोर, व्हिएर्न यांच्या रचना ते पूर्ण ताकदीने वाजवू शकत होते. केवळ मैफलीचा कलावंत म्हणून जगायचे असते, तर तो मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. ते सॉल्ट लेकला परतले.

तोपर्यंत टॅबरनॅकलचे नाव रेडिओमुळे देशभर झाले होते. १५ जुलै १९२९ रोजी तेथून ‘म्युझिक अँड द स्पोकन वर्ड’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या दिवशी सभागृहात एकच मायक्रोफोन होता आणि निवेदन करणारा एकोणीस वर्षांचा तरुण उंच शिडीवर चढून त्यात बोलत होता. त्या दिवशीचे वादक होते एडवर्ड किंबल आणि शिडीवरचा तरुण त्यांचाच मुलगा. एवढ्या तुटपुंज्या तयारीने सुरू झालेला हा कार्यक्रम अद्याप चालू आहे. अखंड चालणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या साखळी-प्रसारणांत त्याचे नाव घेतले जाते.

समूहगायन, थोडे निवेदन आणि मध्ये ऑर्गनची एखादी रचना, असे त्याचे स्वरूप. फ्रँक अ‍ॅस्पर आणि श्रायनर यांनी अनेक वर्षे वादनाची जबाबदारी वाटून घेतली. ऑर्गन कधीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या लक्षावधी अमेरिकी श्रोत्यांसाठी ऑर्गनचा आवाज म्हणजे यांचे वादन होते. पण या कीर्तीला एक मर्यादा होती. अर्ध्या तासात ऑर्गनच्या वाट्याला काही मिनिटे येत. त्यात विदोरची पूर्ण सिम्फनी बसत नाही. छोटी, सोपी, रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर ऐकता येईल अशी रचनाच तेथे चालते. पॅरिसला जाऊन कमावलेल्या कसबाचा बराच भाग त्यामुळे या सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापुढे कधी आलाच नाही. त्यासाठी त्यांचे दौरे, टॅबरनॅकलमधील स्वतंत्र मैफली आणि ध्वनिमुद्रणे होती. मॉरिस अब्रव्हानेल यांच्या संचालनाखाली युटा सिम्फनीने केलेल्या सां-सांस यांच्या ‘ऑर्गन सिम्फनी’च्या ध्वनिमुद्रणात ऑर्गनवर श्रायनर आहेत.

नळ्या बदलल्या

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय मात्र एखाद्या मैफलीचा नव्हता. तो वाद्याचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टॅबरनॅकलचा ऑर्गन जवळजवळ नव्याने बांधायचे ठरले. काम बोस्टनच्या एओलियन-स्किनर कंपनीला आणि तिचे प्रमुख जी. डोनल्ड हॅरिसन यांना देण्यात आले. चर्चच्या बाजूने या कामात श्रायनर यांचा मोठा वाटा होता.

हॅरिसन यांची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ऑर्गनच्या भाषेत ‘आठ फुटी’ नळ्यांची रांग म्हणजे लिहिलेल्या पट्टीत वाजणारी. ‘चार फुटी’ तिच्या एक सप्तक वर, ‘दोन फुटी’ आणखी एक सप्तक वर, ‘सोळा फुटी’ एक सप्तक खाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकी ऑर्गन आठ फुटी नळ्यांवर भर देत. एकच एक मध्य सप्तक जाड होत जाई. व्हायोलिन, फ्रेंच हॉर्न यांची नक्कल त्यात छान साधे; पण तीन-चार चाली एकाच वेळी गुंफल्या गेल्या की त्यांचा गोळा होई. बाखच्या फ्यूगमध्ये कोण कोठे चालले आहे हे कळेनासे होई. हॅरिसन यांनी वरच्या सप्तकांच्या नळ्यांना त्यांचा मान परत दिला. खालून वरपर्यंत सारे थर बांधेसूद उभे राहिले की नाद मोठा होऊनही पारदर्शक राहतो. जर्मन जुन्या ऑर्गनची स्पष्टता आणि फ्रेंच ऑर्गनचा विस्तार यांचा मेळ त्यांनी घातला. या पद्धतीला पुढे ‘अमेरिकन क्लासिक’ असे नाव पडले.

१९४८ मध्ये नवा ऑर्गन तयार झाला. आधीच्या नळ्यांपैकी मोजक्या ठेवल्या, बाकी नवीन. दर्शनी भाग मात्र तोच राहिला. समोर बसलेल्या श्रोत्याला बदल दिसला नाही, तो ऐकू आला. रेडिओच्या दृष्टीनेही हे सोयीचेच होते. घरगुती रेडिओच्या लहानशा कर्ण्यातून खर्ज जेमतेम पोहोचत असे. वरचे स्वच्छ सूर पोहोचत. हॅरिसन यांच्या उत्तम कामांत आजही या ऑर्गनचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. एखाद्या वादकाने मागे ठेवलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट त्याचे वाद्यच असावे, असे उदाहरण विरळाच.

कॉन्चेर्टो आणि चार ओळींची चाल

शिकण्याची हौस श्रायनर यांना अखेरपर्यंत होती. युटा विद्यापीठाची पदवी त्यांनी १९४२ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीत घेतली आणि १९५४ मध्ये त्याच विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पदवीसाठी सादर केलेला प्रबंध म्हणजे ऑर्गन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेला बी मायनरमधील कॉन्चेर्टो होता. युटा सिम्फनीबरोबर तो वाजवलाही गेला. पण ऑर्गनवादकांच्या नेहमीच्या मैफलींत या कॉन्चेर्टोला स्थिर जागा मिळाली नाही. ऑर्गनसाठीच्या कॉन्चेर्टोंचे दुखणेच असे असते की मोठा वाद्यवृंद आणि मोठा ऑर्गन एका छताखाली मिळणेच दुर्मीळ.

याउलट, लहान चर्चच्या वादकांसाठी त्यांनी काढलेली ‘ऑर्गन व्हॉलंटरीज’सारखी पुस्तके हौशी वादकांच्या हाती गेली. ज्याच्याकडे दोन-चार जातींच्याच नळ्या आहेत, ज्याचे पाय अजून बिचकतात, अशा वादकाला सभेच्या आधी-नंतर वाजवता येईल असे हे संगीत आहे. न्युरेंबर्गच्या त्या आठ वर्षांच्या मुलाला अशी पुस्तके मिळाली असती तर फार उपयोगी पडली असती.

खरी ठेव आहे ती भक्तिगीतांच्या चालींची. चर्चच्या १९८५ च्या गीतसंग्रहात श्रायनर यांच्या अनेक चाली आहेत. शब्द इतरांचे, चाल यांची. ‘ट्रुथ इटर्नल’चे शब्द पंथाच्या पहिल्या पिढीतील पार्ली प्रॅट यांचे आहेत. ‘लीड मी इंटू लाइफ इटर्नल’चे शब्द नॉर्वेत जन्मलेले शास्त्रज्ञ आणि धर्मनेते जॉन विट्सो यांचे. ‘गॉड लव्ह्ड अस, सो ही सेंट हिज सन’चे शब्द लिहिणारे एडवर्ड किंबल म्हणजे १९२९ च्या त्या पहिल्या प्रसारणातील ऑर्गनवादकच. दोन वादकांनी मिळून केलेले हे गीत.

समाजाने गायची चाल रचणे हे काम वाटते तितके सोपे नाही. मैफलीची रचना गवयासाठी असते. ही चाल आरतीसारखी सर्वांसाठी असते. सप्तकाबाहेर फार जाता येत नाही, अवघड उड्या घेता येत नाहीत. श्वास कोठे घ्यायचा हे ओळीनेच सांगावे लागते, कारण ऑर्गनला श्वास लागत नाही आणि बेसावध वादक लोकांना दम घेऊ न देता पुढे निघून जातो. शिवाय मॉर्मन सभांत अनेक जण मुख्य चाल न गाता खालचे जोडसूर गातात. म्हणजे वरची चाल तर गुणगुणता आली पाहिजेच, पण तिच्याखालचे तिन्ही आवाज ज्याच्या त्याच्या परीने गाण्याजोगे असले पाहिजेत. एवढे सगळे चार ओळींत बसवायचे. पुन्हा ते दहाव्यांदा गातानाही कंटाळवाणे वाटता कामा नये.

श्रायनर यांच्या चालींपैकी काही ‘सॅक्रमेंट’च्या विधीसाठीच्या आहेत. या विधीत ख्रिस्ताच्या स्मरणार्थ पाव आणि पाणी वाटले जाते. मद्य वर्ज्य असल्याने वाइनच्या जागी पाणी असते. पाव मोडला जात असताना सभा गीत गाते. मग प्रार्थना होते आणि वाटप सुरू होते. पूर्वी या वाटपाच्या वेळी ऑर्गन मंद वाजत असे. १९४६ मध्ये चर्चच्या नेतृत्वाने वाटपाच्या वेळी पूर्ण शांतता असणेच इष्ट, असे कळवले आणि वादकाची ही जागा संपली. आता त्या शांततेकडे लोकांना नेऊन सोडण्याचे काम आधीच्या गीतावर आले. ते फार हळवे झाले तर भाव उतू जातो, फार ठाशीव झाले तर पुढची शांतता आंबट होते. ‘इन मेमरी ऑफ द क्रूसिफाइड’ची श्रायनर यांची चाल या कसोटीला उतरणारी आहे. ‘व्हाइल ऑफ दीज एम्ब्लेम्स वुई पार्टेक’ या गीताला तर संग्रहात लागोपाठ दोन चाली दिल्या आहेत. १७३ क्रमांकाची चाल दुसऱ्या एका रचनाकाराची, १७४ क्रमांकाची श्रायनर यांची. कोणती गायची ते त्या त्या शाखेने ठरवायचे.

श्रायनर १९७७ च्या अखेरीस टॅबरनॅकलमधून निवृत्त झाले. अ‍ॅस्पर १९६५ मध्येच बाजूला झाले होते. त्यानंतर आलेले रॉबर्ट कंडिक हे स्वतः नामवंत रचनाकार होते आणि त्यांनी १९९१ पर्यंत त्या बाकावर बसून काम केले. श्रायनर यांच्या आठवणींचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी नवा गीतसंग्रह निघाला आणि त्यांच्या चाली त्यातून जगभरातील शाखांमध्ये पोहोचल्या. सप्टेंबर १९८७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ८६ होते.